निभावलं म्हणजे जमलं नव्हे

नाळेत पडलेला पोरगा वाचला. फार चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी गावाने शाल-नारळ दिला, फोटो निघाले, पेपरात दोन ओळी आल्या. फोटोत तू पहिल्या रांगेत. मी गप्प बसलो. दुधात मिठाचा खडा कशाला टाका, म्हटलं. आता आठवडा उलटलाय. शाल घडी करून ठेव, समोर बस आणि मान वर करून ऐक.

त्या रात्री तू पाच चुका केल्यास. एकीचाही हिशेब डोंगराने मागितला नाही. तेवढ्यावरून तू समजून बसलास की चुका झाल्याच नाहीत. सांगत सुटलास, 'एकदम परफेक्ट ऑपरेशन झालं.' कसलं परफेक्ट? मी तिथेच होतो.

रोपपासून सुरू करतो. सॅकची नाडी सोडली आणि नाकात भपकारा शिरला. पावसात भिजून पडलेल्या गोणपाटाला येतो तसा. आधीच्या कॉलवरून आणलेला रोप तू डिकीत टाकलास, तो तिथेच राहिला. ओला, चिखलाने माखलेला. बारा दिवस! धुतला नाहीस, सावलीत पसरला नाहीस, बोटांखालून वाव-वाव सरकवून तपासला नाहीस. वहीतलं पान कोरं. विचारलं तर म्हणालास, 'बघितला होता सर, कुठे कट नव्हता.' अरे, रोप नुसत्या डोळ्यांनी तपासतात का? वरची साल आणि आतला गाभा, हे चित्र नव्या पोरांना फळ्यावर तूच काढून दाखवतोस. भार पेलतो तो मुख्यतः गाभा. चिखलातली बारीक कच सालीतून आत शिरते आणि प्रत्येक ताणाला आतले तंतू खात बसते. वरून रोप धडधाकट दिसतो. हे तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. म्हणूनच तर चिडलोय.

दुसरी तुझी हेडटॉर्च. संध्याकाळी पाचला निघालो. वाटेत रात्र होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. नाळेच्या मध्यावर तुझा उजेड पिवळा पडला आणि विझला. जादा सेल? 'घरी राहिले.' मग पुढच्याने मान वळवून तुझ्या पायांवर उजेड धरला आणि त्याच्याच पायाखालचा घसारा सुटला. नारळाएवढा दगड उड्या घेत खाली गेला. खाली जखमीजवळ आपली चार माणसं बसली होती. दगड त्यांच्या डावीकडून गेला. हातभर उजवीकडून गेला असता तर कोणत्या तोंडाने शाल घेतली असतीस?

तिसरी एज प्रोटेक्टरची. पाठीवरचं ओझं कमी करायला तू ते गाडीतच ठेवलंस. कातळाच्या धारेवर रोप टेकायची वेळ आली तेव्हा अंगातलं जॅकेट काढून खाली सारलंस. नव्या पोरांना वाटलं, काय प्रसंगावधान! ते प्रसंगावधान नव्हतं, निष्काळजीपणाला लावलेलं ठिगळ होतं. सह्याद्रीतला तुटका कातळ विळ्यासारखा असतो. त्याची धार, तिच्यावर ताणलेला रोप, रोपला लटकलेला माणूस. आणि मध्ये काय? तुझं जॅकेट.

चौथी सगळ्यांत लहान दिसते आणि सगळ्यांत मोठी आहे. तुझ्या कॅराबिनरचं लॉक उघडं होतं. सहा महिन्यांपूर्वी पथकात आलेल्या पोरीने ते पाहिलं, काही न बोलता हात पुढे केला आणि फिरवून बंद केलं. तू काय म्हणालास? 'माझं लक्ष होतं.' नव्हतं तुझं लक्ष. 'थँक्यू' म्हणायला जीभ जड झाली का? निघायच्या आधी एकमेकांचं हार्नेस, गाठ, लॉक हात लावून बघायचं, हा नियम नवशिक्यांसाठी केलेला नाही. तो मुळात जाणत्यांसाठीच आहे. नवशिका घाबरलेला असतो, तो चार वेळा बघतो. गाफील होतो तो जाणता.

पाचवी. पायथ्याला त्या जखमी पोराचा बाप बसला होता. शाळेच्या ओट्यावर, चपला हातात धरून. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होता, 'पोरगा बोलतोय ना?' तू उरलेलं सामान न्यायला खाली आला होतास. तोवर तू जखमीजवळ पोचलाही नव्हतास. वॉकीटॉकीवर काही आलं नव्हतं. तरी बोलून गेलास, 'एकदम ओके आहे काका, काळजी सोडा.' कुठून आणलंस हे? पोराची मांडी मोडली होती. मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंबही न सांडता लिटरभर रक्त आतल्या आत जाऊ शकतं, हे प्रथमोपचाराच्या वर्गात तू घडाघडा म्हणून दाखवलं होतंस. मग कोणत्या भरवशावर शब्द दिलास? 'नक्की कळलं की मी स्वतः येऊन सांगतो, काका.' एवढं म्हटलं असतंस तर पुरलं असतं. त्यात मोठेपणा मिळत नाही, म्हणून ते तोंडातून निघालं नाही. पोरगा वाचला म्हणून तुझा शब्द खरा ठरला. उलटं झालं असतं तर तो बाप तुझा चेहरा जन्मभर विसरला नसता.

आता म्हणशील, 'पण सर, निभावलं ना?'

हाच शब्द मला नकोय. निभावलं म्हणजे जमलं नव्हे. निभावलं त्यात तुझा वाटा किती आणि नशिबाचा किती, याचा हिशेब केलास कधी? दगड डावीकडून गेला, यात तुझं कर्तृत्व काय? रोप तुटला नाही, यात तुझी मेहनत कोणती? नशीब उसनं दिलेलं असतं. परत कधी मागायचं हे तेच ठरवतं. आणि मागतं तेव्हा तुझ्याकडून मागेलच असं नाही. बिलेचा रोप धरून उभ्या असलेल्या त्या पोरीकडून मागेल.

तुझी कारणं मला तोंडपाठ आहेत. एकेक घेऊ.

'वेळ मिळत नाही सर.' गेल्या सहा महिन्यांत सहा सराव झाले. तू दोनदा आलास. त्यातही एकदा अकरा वाजता, पोटभर नाश्ता करून. पण कॉल आला की रात्री दोनलाही तू गाडी घेऊन हजर. म्हणजे वेळ आहे. झोप मोडायची तयारी आहे. घरच्यांची बोलणी खायची तयारी आहे. मग रविवारी सकाळीच काय होतं? रिकाम्या कातळावर तीच गाठ पन्नास वेळा मारताना कोणी बघत नाही, हे होतं. तुला वेळेची अडचण नाही. तुला प्रेक्षक नसल्याची अडचण आहे.

'मला येतं सर.' येतं म्हणजे काय? चहा पिता पिता टेबलावर फिगर ऑफ एटची गाठ सगळ्यांनाच येते. पाऊस तोंडावर मारतोय, बोटं बधिर झालीत, धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, अशा वेळी हाताला येते का? डोक्याला येणं आणि हाताला येणं यांच्यामध्ये कित्येक रविवार असतात. ते तू गाळलेस.

ते रविवार कशाला लागतात, ऐक. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली. बचाव पथकांना तिला वर आणायला सहा तासांच्या आसपास लागले. तिचा जीव वाचू शकला नाही. आता गणित कर. ३०० फूट म्हणजे साधारण ९० मीटर. आपण तीनास एक कप्पी लावतो तेव्हा माणूस १ मीटर वर यायला ३ मीटर रोप ओढावा लागतो. म्हणजे २७० मीटर. मुठीमुठीने. चिखलात टाचा रोवून, मध्ये मध्ये कप्पी पुन्हा पुढे सरकवत. गेल्या सरावात तू किती ओढलास? पंधरा मीटर. मग हात झटकलेस, 'समजलं सर' म्हणालास आणि सावलीत जाऊन बसलास. त्यात समजण्यासारखं काय होतं? ओढायचं होतं!

'आपण काय पगार घेतो का? जमेल तेवढं करतो.' हे तू माझ्यासमोर बोलला नाहीस. पण बोललास, माझ्या कानावर आलं. खरं आहे, पगार नाही. पेट्रोल पदरचं, रजा पदरची, बूट पदरचे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतोस, कबूल. पण त्या कच्च्या भाजायची मुभा कोणी दिली? तू फुकट आलास की पैसे घेऊन आलास, हे कड्याला कळत नाही. आजारी माणूस एक डॉक्टर पटला नाही तर दुसऱ्याकडे जातो. नाळेत पडलेल्या त्या पोराला दुसरं पथक मागवायची सोय होती का? त्याने तुला निवडलं नव्हतं. डोळे मिटून तुझ्या गाठीवर लटकण्याखेरीज त्याच्या हातात काही नव्हतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याबाबत हयगय करणं ही साधी चूक नसते. ते पाप असतं. स्वयंसेवक हा शब्द तू सुटीच्या अर्जासारखा वापरतोस. तुला यायची सक्ती नाही, एवढाच त्याचा अर्थ. आलास की अर्धवट येण्याची सवलत त्यात नाही.

'लोकांनाच अक्कल नाही.' हे तुझं पावसाळ्यातलं पालुपद. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तेव्हा तू तावातावाने म्हणालास, 'पाणी वाढतंय हे दिसत नाही का यांना?' वर डोंगरात सर कोसळली की खालचा ओढा बघता बघता अंगावर येतो, हे सहलीला आलेल्या माणसाला कोणी शिकवलेलं असतं? तुला शिकवलंय. टॉर्चचे सेल संपतात हेही तुला शिकवलंय. ज्याला माहीत नाही त्याची अक्कल काढतोस, आणि ज्याला माहीत असूनही केलं नाही त्याचं काय करायचं? सांग ना. गप्प का?

मूळ दुखणं वेगळंच आहे. तुला या कामातलं एकच काम हवंय. रोपच्या टोकाला लटकून खाली उतरायचं. बाकीचं कोणी करायचं?

मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात दिल्लीहून आलेला एक तरुण वाट चुकला. शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाचे कार्यकर्ते, एनडीआरएफ, पोलीस, सगळे दिवसेंदिवस शोधत होते. शेवटी हाती लागला तो मृतदेह. अशा शोधात रॅपलिंग किती असतं आणि करवंदीच्या जाळीतून अंग ओरबाडून घेत, हाक मारत, हाक मारून झाल्यावर श्वास रोखून कान देत चालणं किती असतं? हाकेपेक्षा त्यानंतरची शांतता महत्त्वाची असते. त्या शांततेत तू फोनवर बोलत असतोस.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठव. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नाही. जेसीबी चढेना. मग माणसांनी पावसात, निसरड्या पायवाटेने घमेली, फावडी, कुदळी खांद्यावर घेतल्या आणि वर जाऊन हातांनी माती उपसली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. तिथे कड्यावरून झोकात उतरण्याचं काम नव्हतं. घमेलं भरायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं, पुन्हा भरायचं. हे काम ज्याला हलकं वाटतं, त्याने दुसऱ्या कामाच्या गप्पा मारू नयेत.

आणि स्ट्रेचर? एका वेळी सहा जण धरतात. वाट वाईट असेल तर पंधरा मिनिटांत दंड भरून येतात, हात बदलावे लागतात. म्हणून तीन फळ्या लागतात. अठरा माणसं. त्या रात्री आपण अकरा होतो. उरलेले हात कोणाचे होते? वरच्या ठाकरवाडीतल्या माणसांचे. पुढच्या दोन दांड्या दोघांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. पायांत प्लास्टिकच्या चपला, अंगावर खताच्या पोत्याची खोळ. टॉर्चशिवाय त्यांना वाट पायाने कळत होती. आपली पथकं जन्मली नव्हती तेव्हापासून ही माणसं बाळंतीण आणि तापाने फणफणलेली पोरं डोलीत घालून खाली उतरवतायत. शाली वाटल्या तेव्हा ते दोघे शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते. तुला दिसले होते ना? मग हाताला धरून पुढे का नाही आणलंस? फोटोत जागा कमी पडली असती?

आता नीट ऐक. हे मी दुसऱ्या कोणाला बोललो नसतो. ज्याला जमणारच नाही त्याला मी प्रेमाने सांगतो, बाबा, तू वर्गणी गोळा कर, गाडी चालव, तेही मोठं काम आहे. तुला तसं सांगणार नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तू बेसिक केलास, ॲडव्हान्स केलास, दोन्हीत ए ग्रेड घेऊन आलास. तिथे रोज संध्याकाळी तुझा रोप धुतलेला, गुंडाळलेला, जागेवर असायचा. का? समोर उस्ताद उभे असायचे. म्हणजे तुला येतं, जमतं, कळतं. फक्त कोणी डोक्यावर उभं असेल तरच. शिस्त तुझी नव्हती रे, उस्तादांची होती. तू ती काही दिवस वापरून परत दिलीस.

कड्याच्या तोंडावर तुझ्याइतका शांत हात आपल्या पथकात दुसऱ्याचा नाही. त्या पोराच्या मांडीला फळी बांधताना मी तुला पाहिलंय. तू त्याला सारखं नावाने हाक मारत होतास, गाई-म्हशींचं विचारत होतास, आणि बोलता बोलता पट्टा आवळलास. त्याला कळलंसुद्धा नाही. हे शिकवून येत नाही. तुझ्यात ते आहे, आणि तू ते आळसाच्या ओल्या डिकीत कुजत टाकलंयस. माझे गुडघे संपले. अजून एखाद-दोन पावसाळे, मग मी खाली वॉकीटॉकी घेऊन बसणार. तेव्हा वर कोण असेल? ही नवी पोरं तुझ्याकडे बघून शिकतायत. मी काय सांगतो ते ऐकत नाहीत, तू काय करतोस ते बघतात. तू लॉक तपासलं नाहीस तर त्यांच्या लेखी लॉक तपासायचं नसतं. तू सरावाला आला नाहीस तर सराव कच्च्या लोकांसाठी असतो. तुझ्या एका गैरहजेरीने मी पाच रविवार शिकवलेलं धुऊन जातं.

आधी स्वतः, मग सोबती, मग जखमी. हा क्रम पहिल्या दिवशी शिकवतो. ऐकताना स्वार्थी वाटतो. तो का आहे? एकाला आणायला गेलेल्यांनी आणखी दोघांना पाडून ठेवू नये म्हणून. तुझे सेल, तुझा रोप, तुझं लॉक हा तुझा खाजगी मामला नाही. तुझ्या घरीही एक बाप आहे. उद्या शाळेच्या ओट्यावर तो चपला हातात धरून बसला, तर त्याला जाऊन काय सांगू? 'एकदम ओके आहे'?

तो रोप मी धुतला नाही. कपाटाच्या तळाशी वेगळा ठेवलाय, दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावून. माणसाच्या वजनाला तो आता लागणार नाही. त्याच्यावर भरवसा उरला नाही, आणि भरवसा नसलेला रोप माणसाला लावायचा नसतो. तो लोकांच्या वर्गणीतून घेतलेला होता, हे लक्षात ठेव. गावच्या यात्रेत डबा फिरवून पैसे जमवले होते, दहा-दहाच्या नोटांनी.

रविवारी सहाला ये. सव्वासहाला नको. सुरी घेऊन ये. तो रोप तूच कापायचास. तुकड्यांवर नवी पोरं गाठी शिकतील. प्रत्येक तुकड्याची साल मागे सार, गाभा उघडा कर आणि त्याच्यातून बोट फिरव. किती कच हाताला लागते ते बघ. कदाचित फार लागणार नाही. कदाचित गाभा ठणठणीत निघेल. तरी तो बादच, कारण त्या रात्री त्याला लटकताना आपल्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं.

मग वही उघड. तारीख घाल, तुझ्या अक्षरात. 'रोप बाद' लिही. पुढचा रकाना कारणाचा आहे. तिथे 'जुना झाला' असं लिहू नकोस.